हॉल मिळेल का?

२३ फेब्रुवारी २०१४ ला रशियातल्या सोचीचं हिवाळी ऑलिंपिक संपलं. तीन दिवसांनी, २६ तारखेला, मॉस्कोत आणखी एक क्रीडास्पर्धा सुरू झाली. तिचं नाव साधंच होतं, ‘ओपन गेम्स’. खेळाडू सुमारे ३००, सगळे हौशी. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी-रविवारी रॅकेट किंवा बॉल घेऊन बाहेर पडायचं, अशी ही मंडळी. वेगळेपण एवढंच की स्पर्धा भरवणारी संघटना रशियातल्या गे, लेस्बियन आणि ट्रान्स खेळाडूंची होती.

स्पर्धेवर बंदी नव्हती. कुणी लेखी आदेशही काढला नव्हता. पण पैसे भरून, करार करून ठरवलेले हॉल एकामागून एक रद्द होऊ लागले. कुठे अचानक तांत्रिक अडचण आली, कुठे ऐनवेळी दुसरंच काम निघालं. उद्घाटनाच्या जागी बॉम्ब असल्याची अफवा उठली आणि कार्यक्रम बारगळला. बास्केटबॉलचे सामने चालू असताना कुणीतरी धुराचा बॉम्ब टाकला. पाठिंबा द्यायला अमेरिकेचा ग्रेग लुगानिस आला होता. हा १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगची मिळून चार सुवर्णपदकं जिंकलेला माणूस. नेदरलँड्सच्या क्रीडामंत्रीही आल्या होत्या. तरी आयोजकांचे ते चार-पाच दिवस मुख्यतः एकच प्रश्न सोडवण्यात गेले: उद्यासाठी हॉल मिळेल का?

हा विषय समजून घ्यायचा तर मला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो. युरोपातल्या एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स) क्रीडाक्लबांबद्दल बोलताना लोक इंद्रधनुषी झेंडे आणि मिरवणुकांपासून सुरुवात करतात. पण क्लब चालतो तो मंगळवारी संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत मिळालेल्या कोर्टावर. कोर्ट गेलं की क्लब गेला.

आधी सगळ्यांच्या मनात येणारी शंका. वेगळा क्लब हवाच कशाला? शटलकॉकला कुठे कळतं, मारणारा कोण आहे ते?

शटलला कळत नाही, खरंय. पण खेळ म्हणजे निव्वळ शटल नव्हे. आमचा सकाळचा बॅडमिंटनचा ग्रुप आहे. खेळ होतो तासभर, त्यानंतरचा चहा दीड तास. त्या चहावर जे बोललं जातं ते बायका, सासुरवाडी, मुलांच्या शाळा आणि जो अजून एकटा आहे त्याला ‘मग, लाडू कधी?’ एवढ्यावरच फिरत असतं. बायल्या, छक्का हे शब्द चुकलेल्या स्मॅशवर अगदी सहज टाकले जातात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आता कल्पना करा, त्या टेबलावरचा एक जण गे आहे. त्याला दर रविवारी दीड तास एकतर खोटं बोलावं लागेल, नाहीतर हसून वेळ मारून न्यावी लागेल. काही महिन्यांनी तो ‘सध्या गुडघा दुखतोय’ म्हणून येणं बंद करेल. गुडघा ठणठणीत असेल. युरोपातले बहुतेक एलजीबीटी क्लब अशा गुडघेदुखीतून जन्मले. खेळ आवडायचा, खेळानंतरचं ते टेबल नको व्हायचं.

आणि हे क्लब कुणाला बाहेर ठेवत नाहीत. बहुतेकांच्या नियमात स्पष्ट असतं की कुणीही यावं, कुणाला लैंगिकता विचारली जाणार नाही. भिन्नलिंगी खेळाडूही असतात. कुणी मित्राबरोबर आलेला असतो, कुणाला तो क्लब घराजवळ पडतो.

याची सुरुवात युरोपात कुठे झाली, तर प्रामुख्याने जर्मनीत. कोलोनचा ‘यानुस’ हा क्लब १९८० सालचा. युरोपातला सगळ्यात जुना एलजीबीटी क्रीडाक्लब म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. बर्लिनचा ‘फोरश्पील’ १९८६ चा. जर्मनीच का, याचं एक अगदी कारकुनी कारण आहे आणि मला ते फार आवडतं. तिकडे ‘फेराइन’ नावाची चीज आहे, म्हणजे आपलं नोंदणीकृत मंडळ. सात सभासद जमवा, घटना लिहा, न्यायालयात नोंदणी करा, झालं. मग मंडळ क्रीडासंघांच्या यादीत आलं की महापालिकेच्या शाळांमधले हॉल संध्याकाळी फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळू शकतात. टपालतिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ, कबुतरं पाळणाऱ्यांचं मंडळ, तसंच हेही एक. फ्रान्समध्ये तर १९०१ च्या कायद्याप्रमाणे दोन माणसंही संस्था काढू शकतात. आपल्याकडे ज्याने गणेशोत्सव मंडळाची नोंदणी आणि वर्गणीचा हिशोब पाहिलाय, त्याला हे लगेच कळेल. लेटरहेड आणि शिक्का असलेल्या मंडळाला साहेब बसायला खुर्ची देतो. एकट्यादुकट्याला नाही.

गंमत म्हणजे, कायद्याच्या पुस्तकात जर्मनी फार पुढे होता असंही नाही. प्रौढ पुरुषांमधले संबंध पश्चिम जर्मनीत १९६९ पासून गुन्हा राहिले नव्हते, पण समलिंगी पुरुषांसाठी वेगळं असं कुप्रसिद्ध कलम १७५ पुस्तकातून पूर्ण गेलं ते १९९४ मध्ये. रशियाने आपलं कलम १२१ काढलं १९९३ मध्ये. म्हणजे एक वर्ष आधी! स्टालिनच्या काळात आलेलं कलम सोव्हिएत संघ कोसळल्यावर गेलं. (आपलं ३७७ वाकायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला, आणि द्युती चंद ही धावपटू आपल्या नात्याबद्दल उघडपणे बोलली ती २०१९ मध्ये.) तेव्हा ‘युरोपात कायदा बाजूने होता, रशियात नव्हता’ हे सरळ उत्तर इथे चालत नाही. फरक पडला तो चार माणसांनी मिळून मंडळ काढण्याच्या मोकळिकीत.

१९८९ मध्ये हेग शहरात युरोपातल्या अशा क्लबांनी महासंघ स्थापन केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईजीएलएसएफ म्हणतात. १९९२ मध्ये हेगलाच पहिले ‘युरोगेम्स’ झाले, सुमारे ३०० खेळाडूंचे. आज हीच स्पर्धा काही हजारांची असते. यजमानपदासाठी शहरातले स्थानिक क्लब प्रस्ताव मांडतात आणि सभासद क्लब मतदान करून ठरवतात. २०१९ ला रोम, २०२१ ला कोपनहेगन, मग नायमेगन, बर्न, व्हिएन्ना, २०२५ ला लिऑन. २०२० चं ड्युसेलडॉर्फ कोविडमध्ये वाहून गेलं.

युरोगेम्सचा थोरला भाऊ म्हणजे गे गेम्स, जागतिक पातळीवर, साधारण चार वर्षांनी. त्याची गोष्ट रशिया-युरोपाबाहेरची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉम वॉडेल हा अमेरिकन डॉक्टर १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा मैदानी प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत, सहावा आला होता. त्याने १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्पर्धा ठरवली आणि नाव ठेवलं ‘गे ऑलिंपिक गेम्स’. स्पर्धेला काही दिवस उरले असताना अमेरिकन ऑलिंपिक समिती कोर्टात गेली: ‘ऑलिंपिक’ हा शब्द वापरायचा नाही. छापून झालेल्या साहित्यावरचा तो शब्द खोडावा लागला. उंदरांचं ऑलिंपिक, कुत्र्यांचं ऑलिंपिक अशी नावं तोवर बिनबोभाट चालली होती! खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून १९८७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी समिती जिंकली. पुढच्याच महिन्यात वॉडेल एड्सने गेला. स्पर्धा मात्र राहिली: १९९८ ला अॅमस्टरडॅम, २०१० ला कोलोन, २०१८ ला पॅरिस. २०२६ च्या स्पर्धेचा मान स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला मिळाला. वर ज्याचा उल्लेख आला तो लुगानिस आपण गे असल्याचं जाहीरपणे बोलला, तेही १९९४ च्या न्यूयॉर्कच्या गे गेम्समध्येच.

या स्पर्धा भरतात कशा, हे थोडं पाहू, कारण हौशी खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे चांगली सोडवलेली आहे. एकीकडे पूर्वी राज्यपातळीवर खेळलेला, दुसरीकडे चाळिशीत पहिल्यांदा व्हॉलीबॉलला हात लावलेला. दोघांना एका नेटच्या दोन बाजूंना उभं केलं तर दोघांचाही दिवस वाया. म्हणून संघ स्वतःच आपली पातळी सांगतात, ए, बी, सी अशा गटांत. खालच्या गटात लपून पदक मारणारे निघतातच, त्यावरून भांडणंही होतात. माणूस कुठलाही असो, ट्रॉफी दिसली की वय विसरतो. पोहण्यात वयोगट असतात. किमान पात्रता वेळ वगैरे भानगड नसते, त्यामुळे शेवटून पहिला येणाऱ्यालाही तेवढ्याच टाळ्या मिळतात. पोहण्याच्या शेवटी ‘पिंक फ्लेमिंगो’ नावाचा प्रकार असतो. संघच्या संघ वेशभूषा करून पाण्यात धमाल उडवतात, थोडा रिले आणि थोडं नाटक. नाकं मुरडणाऱ्यांनी शिमग्याची सोंगं आठवावीत.

बॉलरूम नृत्यात तर खेळच बदलून जातो. नेहमीच्या स्पर्धेत पुरुषाने पुढाकार घ्यायचा आणि बाईने त्याच्या मागे जायचं, हे पक्कं. दोन बायका किंवा दोन पुरुष नाचायला लागले की कोण नेणार हा प्रश्न उघडा पडतो. उत्तर असं निघालं की नाच चालू असतानाच अदलाबदल करायची. ती किती सफाईने जमते, हाच मग बघण्याचा भाग होतो.

फुटबॉल आणि रग्बी हे मर्दानी समजले जाणारे खेळ, त्यामुळे तिथे ताणही जास्त. लंडनचा स्टोनवॉल एफसी १९९१ चा. त्याच्या आदल्याच वर्षी जस्टिन फॅशनू हा व्यावसायिक फुटबॉलपटू आपण गे असल्याचं उघडपणे बोलला होता आणि त्याची किंमत मोजत होता. १९९८ मध्ये त्याने जीव दिला. लंडनचाच किंग्ज क्रॉस स्टीलर्स हा १९९५ मधला जगातला पहिला गे रग्बी क्लब. पुढे अशा क्लबांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, बिंगहॅम कप. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या युनायटेड ९३ विमानात अपहरणकर्त्यांना भिडलेल्या प्रवाशांपैकी एक मानला जाणारा मार्क बिंगहॅम हा सॅन फ्रान्सिस्कोच्या गे रग्बी क्लबातला खेळाडू. स्पर्धा त्याच्या नावाने आहे. २०२४ मध्ये ती रोमला झाली.

युरोपात सगळं आलबेल होतं असं कुणी समजू नये. पॅरिसमध्ये २००३ मध्ये ‘पॅरिस फूट गे’ नावाचा संघ निघाला होता. त्यात गे आणि भिन्नलिंगी दोन्ही खेळाडू. २००९ मध्ये पॅरिसजवळच्या क्रेतेलच्या एका हौशी संघाने धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन त्यांच्याशी सामना खेळायला नकार दिला. हौशी लीगने त्या संघाला बाहेर काढलं, वर्तमानपत्रं गाजली. पण २०१५ मध्ये पॅरिस फूट गेने पुरेसा पाठिंबा मिळत नाही म्हणत स्वतःच गाशा गुंडाळला. हंगेरीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१२ चे युरोगेम्स बुडापेस्टला झाले होते. २०२१ मध्ये त्याच देशात अल्पवयीनांसमोर समलैंगिकता ‘दाखवण्या’वर निर्बंध घालणारा कायदा आला. त्याच्या निषेधार्थ म्युनिकचं स्टेडियम जर्मनी-हंगेरी सामन्याला इंद्रधनुषी रंगात उजळायची शहराची इच्छा यूईएफएने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, नाकारली. यजमान शहरांच्या यादीत नाव असलं म्हणजे ते कायमचं, असं नसतं.

क्लबांच्या आतल्याही कटकटी आहेत. पुरुषांची गर्दी जास्त, बायकांच्या संघांना सराव-वेळेपासून भांडावं लागतं. स्पर्धेला जायचं तर विमान, हॉटेल, नोंदणी शुल्क, त्यामुळे पूर्व युरोपातल्या खेळाडूला ते परवडत नाही. त्यावर यजमान शहरातल्या खेळाडूंनी पाहुण्यांना आपल्या घरी उतरवायचं आणि नोंदणीच्या पैशातून थोडा निधी बाजूला काढायचा, अशी वाट निघाली. ट्रान्स खेळाडूंचा प्रश्नही इथे आधी येऊन गेलाय. १९९८ च्या अॅमस्टरडॅमला त्यांच्याकडे वैद्यकीय कागदपत्रं मागितली गेली, त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे नियम सैल झाले. व्यावसायिक खेळ नेमके उलट दिशेने गेले. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने २०२३ मध्ये पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून वगळलं. या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच म्हणेन की जिथे पणाला विश्वविक्रम लागलेला नसून मंगळवारची संध्याकाळ लागलेली असते, तिथे नियम वेगळे असू शकतात.

आता पुन्हा मॉस्कोकडे.

रशियन एलजीबीटी क्रीडा महासंघ उभा राहिला तो २०१० च्या कोलोन गे गेम्सच्या सुमारास. चालवणाऱ्यांत फिगर स्केटिंग, बॅडमिंटन खेळणारी मंडळी होती. त्यांची नावं त्या काळच्या परदेशी वर्तमानपत्रांत सापडतात. मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. त्यांनी राजकारण टाळायचं ठरवलं होतं. मोर्चा नाही, घोषणा नाही, फक्त खेळ. मला हा डाव हुशारीचा वाटतो, कारण खेळाला सोव्हिएत काळापासून रशियात प्रतिष्ठा आहे. आरोग्यासाठी घाम गाळणाऱ्याला कोण अडवणार?

पण जून २०१३ मध्ये केंद्रीय कायदा आला. ‘अपारंपरिक लैंगिक संबंधांचा’ अल्पवयीनांमध्ये ‘प्रचार’ केल्यास साध्या माणसाला ४ ते ५ हजार रूबल, संस्थेला १० लाख रूबलपर्यंत दंड, परदेशी माणसाला १५ दिवसांपर्यंत कोठडी आणि हकालपट्टी. कायद्यात कुठेही ‘समलिंगी व्यक्तीने बॅडमिंटन खेळू नये’ असं म्हटलेलं नाही. मग खेळ कसा अडला? हॉलच्या मालकाच्या डोक्याने विचार करा. त्याच्या इमारतीत संध्याकाळी लहान मुलांचा जिम्नॅस्टिकचा वर्ग असतो. उद्या कुणी तक्रार केली की मुलांच्या देखत प्रचार झाला, तर? शिवाय एखादा ‘सहज चौकशीचा’ फोन आला, तर? आयोजक बिचारे सगळीकडे ‘१८ वर्षांवरील’ असं लिहून थकले. मालकाला कायदा मोडायचा नव्हता आणि कायद्यात नेमकं काय बसतं हे कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी माणूस सुरक्षित तेच करतो, बुकिंग रद्द. संदिग्ध कायद्याचं काम असंच चालतं. पोलीस पाठवावेच लागत नाहीत, घाबरलेला हॉलवाला पुरेसा असतो.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट २०१३ मध्ये, मॉस्कोत जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा होती. स्वीडनची उंचउडीपटू एम्मा ग्रीन पात्रता फेरीत नखांना इंद्रधनुषी रंग लावून उतरली. तिला नियमाची आठवण करून दिली गेली आणि अंतिम फेरीत तिची नखं लाल होती. डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे सोची उरकल्यावर, ऑलिंपिक सनदेच्या भेदभावविरोधी सहाव्या तत्त्वात ‘लैंगिक कल’ हे शब्द आले. उशिरा का होईना.

यानंतर रशियातली गाठ घट्टच होत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्रचारा’ची बंदी सर्व वयोगटांसाठी झाली, म्हणजे ‘१८ वर्षांवरील’ ही पाटीसुद्धा निरुपयोगी. संस्थेला दंड ५० लाख रूबलपर्यंत. जुलै २०२३ मध्ये लिंगबदलाच्या उपचारांवर आणि कागदपत्रांवर बंदी. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद दाराआड ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ ‘अतिवादी’ (एक्स्ट्रीमिस्ट) ठरवली.

या नावाची कुठलीही संघटना अस्तित्वात नाही. तिला कार्यालय नाही, सभासद-यादी नाही, अध्यक्ष नाही. त्यामुळे बाजू मांडायला कोर्टात कुणी उभं राहूच शकलं नाही. आणि यादीच नसल्यामुळे कुणालाही तिचा सभासद ठरवता येतं. जानेवारी २०२४ मध्ये निझनी नोव्हगोरोदमध्ये इंद्रधनुषी कानातलं घातलेल्या बाईला पाच दिवस कोठडी झाली. मार्चमध्ये ओरेनबुर्गच्या एका बारमधल्या कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला उभा राहिला.

क्रीडाक्लबाच्या भाषेत याचं भाषांतर करून पाहा. दर आठवड्याला सरावाला येणारा हा ‘सहभागी’ ठरू शकतो, त्यासाठी कायद्यात २ ते ६ वर्षं तुरुंगवास आहे. ज्याच्याकडे किल्ली असते, जो व्हॉट्सअॅपवर वेळ कळवतो, वर्गणी गोळा करतो, जाळी बांधतो आणि शेवटी दिवे बंद करून निघतो, तो प्रत्येक क्लबात असणारा एक उत्साही प्राणी, तो ‘संघटक’ ठरू शकतो. त्याच्यासाठी ६ ते १० वर्षं. मॉस्कोत २०१४ मध्ये हॉलवाला निदान फोन करून सांगत होता की बुकिंग रद्द झालंय, माफ करा, तांत्रिक अडचण आहे.